हायड्रॉलिक ट्रॉलीचा आवाज : कारणे, वंगण आणि निगा



शेणखत शेतात नेण्यापासून तयार माल बाजारात पोहोचविण्यापर्यंत शेतीतील बहुतेक वाहतूक आज ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून होते. आपण ट्रॅक्टरची काळजी घेतो. इंजिनचे ऑईल वेळेवर बदलतो, रेडिएटरमधील पाणी पाहतो, एअर क्लीनर साफ करतो. ट्रॉलीकडे मात्र टायर पंक्चर होईपर्यंत आपले लक्ष जात नाही. ट्रॉलीला इंजिन नाही, तेव्हा तिच्यात बिघडण्यासारखे काय आहे, असे अनेकांना वाटते. हा समज चुकीचा आहे. हौदा वर उचलणारा हायड्रॉलिक जॅक, मागील बिजागऱ्या, चाकांची बेअरिंगे, स्प्रिंगचे पाटे, हूक आणि कडी असे अनेक हलणारे भाग ट्रॉलीत असतात. हे सर्व भाग चाकांच्या धुळीत, चिखलात आणि पूर्ण वजनाखाली काम करतात.

ट्रॉली बिघडण्यापूर्वी बहुतेक वेळा सूचना देते. ती सूचना म्हणजे तिचा आवाज. हौदा वर जाताना करकर, रस्त्यावर घरघर, ब्रेक लावताच मागून ठक् असा धक्का, हे आवाज काही आठवडे आधीपासून येत असतात. आपण त्यांची सवय करून घेतो, किंवा आवाज येतो तेथे थोडे डिझेल अथवा जळके ऑईल ओतून मोकळे होतो. आवाज बंद होतो, पण झीज चालूच राहते. म्हणून या लेखात एकच गोष्ट प्रामुख्याने सांगावयाची आहे. आवाज बंद करणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. प्रथम आवाजाचे ठिकाण व कारण शोधावे, नंतर तो भाग स्वच्छ करावा आणि मग योग्य ते वंगण योग्य मात्रेत द्यावे.

पिकांच्या दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा आहे. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळपास जावा, अशी शिफारस आहे. तोडणीनंतर जसजसा वेळ जातो तसतसे उसाचे वजन घटते आणि साखरेचा उताराही कमी होतो. भरलेल्या ट्रॉलीचे बेअरिंग वाटेत जाम झाले, तर दुरुस्तीचा खर्च होतोच, शिवाय वाळणाऱ्या उसाचे नुकसान वेगळे सोसावे लागते. टोमॅटो, भाजीपाला व फुले यांच्या बाबतीत तर काही तासांचा उशीरही भाव पाडतो. चाक निखळल्यास किंवा हौदा एका बाजूला कलल्यास माणसाच्या जिवावर बेतते, ही बाब तर सर्वांत गंभीर आहे.

आवाज का होतो?

दोन लोखंडी भाग एकमेकांवर घासतात तेव्हा त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असावा लागतो. हा थर असेपर्यंत लोखंड लोखंडाला प्रत्यक्ष भिडत नाही. थर नाहीसा झाला की पृष्ठभागावरील बारीक उंचवटे एकमेकांत अडकतात, सुटतात आणि पुन्हा अडकतात. या अडकण्या-सुटण्यामुळे भाग कंप पावतो आणि करकर ऐकू येते. बैलगाडीच्या आसाला वंगण नसले की चाक करकरते, तोच हा प्रकार आहे.

ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्ट पदार्थात धरून ठेवलेले तेल होय. स्पंजमध्ये पाणी राहावे तसे ग्रीसमध्ये तेल राहते आणि दाब पडला की थोडे थोडे बाहेर येते. प्रत्यक्ष वंगणाचे काम हे तेल करते. ग्रीस दुसरेही एक काम करते. ते पिन आणि बुश यांच्या कडेला साचून धूळ व पाणी आत जाऊ देत नाही. डिझेल किंवा रॉकेल ओतल्यास नेमके उलटे घडते. आत उरलेले ग्रीस धुऊन निघते, काही काळ ओलाव्यामुळे आवाज थांबतो आणि नंतर भाग पूर्वीपेक्षा जास्त कोरडा पडतो. रॉकेल व डिझेल ही साफ करण्याची साधने आहेत, वंगण नव्हेत. गंज सोडविण्यासाठी मिळणारा फवाराही अडकलेला बोल्ट मोकळा करण्यास चांगला, परंतु वजन पेलणाऱ्या पिनसाठी तो पुरेसा नाही.

आवाज झीज झाल्यामुळेही येतो. पिन झिजून बुशमध्ये ढिली झाली असेल, तर कितीही ग्रीस भरले तरी खडखड थांबणार नाही. तेथे पिन व बुश बदलणे हाच उपाय आहे.

आवाजावरून दोष ओळखा

आवाज कोठून येतो हे ठरविण्यासाठी दोन माणसांची गरज असते. एकाने ट्रॅक्टर चालवावा आणि दुसऱ्याने सुरक्षित अंतरावरून, बाजूला उभे राहून ऐकावे. रिकामी ट्रॉली, भरलेली ट्रॉली, सरळ रस्ता, वळण आणि हौदा उचलणे अशा वेगवेगळ्या स्थितींत आवाज कसा बदलतो ते पाहावे. साधारणपणे पुढील खुणा उपयोगी पडतात.

१) हौदा वर-खाली होताना करकर किंवा कुईकुई : मागील बिजागरीची पिन अथवा जॅकच्या वरच्या-खालच्या टोकाची पिन कोरडी आहे. ग्रीस द्यावे. ग्रीस दिल्यावरही आवाज राहिल्यास पिन काढून झीज तपासावी.

२) चालू लागताना व ब्रेक लावताना ठक् असा धक्का : हूक, पिन व कडी यांच्यात ढिलेपणा आहे, किंवा अ‍ॅक्सल धरून ठेवणारे यू-बोल्ट सैल आहेत.

३) वेगाबरोबर वाढणारी घरघर, जी वळणावर कमी-जास्त होते : चाकाचे बेअरिंग खराब होत आहे. हा आवाज कधीही दुर्लक्षू नये.

४) खड्ड्यातून जाताना कुरकुर : स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये गंज आहे किंवा शॅकल पिन कोरडी आहे.

५) रिकामी ट्रॉली चालताना सर्वत्र खडखड : फाळक्याच्या कड्या, खिट्ट्या व बिजागऱ्या सैल आहेत. हा दोष साधा आहे, परंतु या खडखडाटात बेअरिंगची घरघर ऐकू येत नाही. म्हणून फाळके प्रथम घट्ट करावेत आणि मग बाकीचे आवाज ऐकावेत.

६) हौदा धक्के खात वर जाणे व ट्रॅक्टरमधून कर्कश शिट्टीसारखा आवाज : हायड्रॉलिक ऑईल कमी आहे, फिल्टर तुंबला आहे किंवा पाईपच्या सांध्यातून हवा आत जात आहे. येथे ग्रीसचा काही उपयोग नाही.

काम सुरू करण्यापूर्वी

ट्रॉलीच्या देखभालीत होणारे गंभीर अपघात प्रामुख्याने उचललेल्या हौद्याखाली होतात. जॅकमध्ये हौदा तोलून धरणारी वस्तू म्हणजे फक्त तेल असते. पाईप फुटला, सांधा निसटला किंवा कोणाचा हात लिव्हरला लागला तर भरभक्कम हौदा क्षणात खाली येतो. म्हणून पुढील नियम काटेकोरपणे पाळावेत.

• काम सपाट व टणक जमिनीवर करावे. ट्रॅक्टरचा हँडब्रेक लावावा आणि ट्रॉलीच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत.
• हौदा पूर्ण रिकामा असतानाच उचलावा. चेसिस आणि हौदा यांच्यामध्ये मजबूत लोखंडी टेकू लावावा. अनेक ट्रॉल्यांना असा टेकू कारखान्यातूनच बसविलेला असतो. नसल्यास गावातील फॅब्रिकेशनच्या दुकानातून करून घ्यावा. लाकडी वाशाचा किंवा रचलेल्या विटांचा टेकू कधीही लावू नये.
• टेकू लावल्यावर इंजिन बंद करून चावी काढून घ्यावी. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.
• हौदा उचलण्यापूर्वी वर पाहावे. शेतातून गेलेल्या विजेच्या तारांखाली हौदा उचलू नये.
• चाक काढताना केवळ जॅकवर विसंबू नये. अ‍ॅक्सलखाली भक्कम स्टँड द्यावा.

योग्य वंगणाची निवड

दुकानात गेल्यावर ‘एक डबा ग्रीस द्या’ एवढेच सांगून भागत नाही. कॅल्शियमच्या साबणापासून केलेले साधे ग्रीस पाण्याला चांगले टिकते, पण उष्णता सोसत नाही. सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास ते वितळते. म्हणून बिजागरी, कडी व शॅकल अशा संथ हलणाऱ्या भागांस ते चालते, पण चाकाच्या बेअरिंगमध्ये चालत नाही. लिथियमच्या साबणापासून केलेले ग्रीस सुमारे १८० अंशांपर्यंत वितळत नाही आणि पाण्यालाही बऱ्यापैकी टिकते. बेअरिंगसाठी असेच ग्रीस वापरावे.

डब्यावर ‘एनएलजीआय’ असे लिहून त्यापुढे एक अंक दिलेला असतो. हा अंक ग्रीसचा घट्टपणा दाखवितो. २ क्रमांकाचे ग्रीस लोण्याइतके मऊ असते व हातगनने सहज जाते. ३ क्रमांकाचे त्याहून घट्ट असते. बाजारात एपी-३ या नावाने मिळणारे ग्रीस या प्रकारातील असून ते बेअरिंगमध्ये हाताने भरण्यास योग्य आहे. एकाच घरात दोन-तीन प्रकार ठेवण्याचा व्याप नको असेल, तर लिथियमचे २ क्रमांकाचे चांगल्या प्रतीचे ग्रीस ट्रॉलीच्या जवळजवळ सर्व ठिकाणी चालते.

वेगवेगळ्या साबणांची ग्रीसे एकमेकांत मिसळू नयेत. काही वेळा अशा मिश्रणाचा घट्टपणा जातो व ते पातळ होऊन गळून पडते. प्रकार बदलावयाचा असल्यास जुने ग्रीस पूर्ण काढून टाकावे.

इंजिनमधून काढलेले जळके ऑईल वंगण म्हणून वापरण्याची प्रथा आहे. ती सोडून द्यावी. या तेलात धातूचे बारीक कण, काजळी आणि आम्ले असतात. पिन व बुशमध्ये ते पॉलिश पेपरसारखे काम करते. त्याचा वारंवार संपर्क त्वचेलाही अपायकारक आहे आणि जमिनीवर सांडल्यास माती व विहिरीचे पाणी दूषित होते. भारतातील २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे द्यावे. खाद्यतेलही वापरू नये. ते हवेने चिकट होऊन त्यावर धूळ बसते.

वंगण देण्याची पद्धत

बिजागरी व जॅकच्या पिना : ग्रीस निपलवरील धूळ प्रथम फडक्याने पुसावी. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि निपलच्या तोंडावरील वाळू ग्रीसबरोबर स्वतःच्या हाताने आत ढकलतात. नंतर गन नीट बसवून जुने काळे ग्रीस कडेने बाहेर पडून नवे स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत दाबावी. साध्या हातगनमधून एका दाबास अंदाजे १ ग्रॅम ग्रीस निघते. आपली गन किती देते हे पाहण्यासाठी १० वेळा दाबून निघालेले ग्रीस वजन करून पाहावे. बाहेर आलेले जुने ग्रीस पुसून टाकावे, नाहीतर त्यावर धूळ साचून तिची लापशी होते.

ग्रीस देताना पिनवरील वजन कमी केल्यास फायदा होतो. वजनाखाली पिन एका बाजूने बुशला घट्ट चिकटलेली असते आणि नेमक्या त्याच बाजूला ग्रीस पोहोचत नाही. म्हणून बिजागरीला ग्रीस द्यावयाचे ते ट्रॉली रिकामी करूनच. त्यानंतर हौदा दोन-तीन वेळा वर-खाली करून पुन्हा थोडे ग्रीस द्यावे. निपलमधून ग्रीस आत जात नसल्यास जोर करू नये. निपल काढून साफ करावे किंवा बदलावे. निपल ही अत्यंत स्वस्त वस्तू आहे. ती बंद पडल्यामुळे पिन व बुश दोन्ही गमावणे परवडत नाही.

दोन्ही बाजूंच्या बिजागऱ्या सारख्या असल्या पाहिजेत. एक पिन झिजली आणि दुसरी चांगली राहिली, तर हौदा उचलताना पिळवटतो व जॅकवर आडवा ताण येतो. भरलेला हौदा उतारावर रिकामा करताना अशा ट्रॉलीचा तोल जाऊन ती उलटू शकते. एका बाजूची पिन बदलावी लागली, तर दुसऱ्या बाजूचीही काढून तपासावी.

हूक व कडी : येथे धुळीचा संपर्क सतत असतो. जुने ग्रीस पुसून पातळसा नवा थर द्यावा. कडी जेथे हूकवर टेकते तेथील जाडी मोजावी. साखळी-कडीच्या कामात मूळ जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतकी झीज ही मर्यादा मानतात. त्याहून अधिक झिजलेली कडी बदलावी. झिजलेल्या जागी वेल्डिंगचा थर चढवून वेळ मारून नेऊ नये. पिनला तिची योग्य कुलूपपिन असावी. तार किंवा खिळा वाकवून काम भागवू नये.

स्प्रिंगचे पाटे : चेसिस जॅकने थोडी वर घेतली की पाट्यांवरील वजन कमी होऊन त्यांच्यात फट पडते. तारेच्या ब्रशने गंज काढून पाट्यांच्या फटीत ग्रॅफाईटयुक्त ग्रीस भरावे. शॅकल पिनना निपलमधून ग्रीस द्यावे. तुटलेला पाटा शोधण्यासाठी पाटे धुऊनच पाहावे, कारण चिखलाखाली तडा दिसत नाही. शेवटी यू-बोल्टचे नट आवळावेत.

चाकाचे बेअरिंग : ट्रॉलीच्या देखभालीतील हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे. चाक जमिनीवरून उचलून ते वर-खाली धरून हलवावे. खटखट जाणवल्यास ढिलेपणा आहे. मग चाक हाताने फिरवून हबवर कान देऊन ऐकावे. खरखर आल्यास हब उघडावा.

बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन फडक्याने पुसावे व पूर्ण वाळू द्यावे. कॉम्प्रेसरच्या हवेने ते गरगर फिरवू नये. त्यामुळे कोरड्या रोलरवर ओरखडे पडतात. रोलरवर खड्डे, निळसर छटा किंवा पापुद्रे दिसल्यास बेअरिंग बदलावे. आतील व बाहेरील रिंग जोडीनेच बदलावी. नवे ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगच्या रुंद तोंडाकडून दाबत प्रत्येक रोलरमध्ये पूर्ण भरावे. हबची पोकळी मात्र एक तृतीयांश ते निम्मीच भरावी. गच्च भरल्यास ग्रीस घुसळले जाऊन तापते, पातळ होते आणि सील फोडून बाहेर येते. जास्त वंगण म्हणजे जास्त काळजी नव्हे. ऑईल सील प्रत्येक वेळी नवे घालावे.

हब बसविल्यावर चाक फिरवीत नट आवळावा. चाक जड लागू लागताच नट सुमारे एक षष्ठांश फेरी, म्हणजे नटाच्या सहा बाजूंपैकी एका बाजूइतका मागे घ्यावा. भोक जुळताच नवी स्प्लिट पिन घालावी. ट्रॉलीच्या माहितीपुस्तकात वेगळी पद्धत दिली असल्यास तीच पाळावी. नट फार घट्ट राहिला तर बेअरिंग जळते, फार ढिला राहिला तर चाक डुलते.

काम झाल्यावर ५ ते ८ किलोमीटर ट्रॉली चालवून थांबावे. सर्व हब हाताच्या मागच्या बाजूने एकेक करून तपासावेत. सर्व सारखेच कोमट असल्यास काम ठीक आहे. एखादा हब इतर हबांपेक्षा जास्त तापला असेल, किंवा हात टेकवत नसेल, तर तेथील नट अथवा बेअरिंग पुन्हा पाहावे. ही तपासणी हंगामात दर खेपेला कारखान्यावर वा बाजारात पोहोचल्यावर करावी. तिला एक मिनिटही लागत नाही.

हायड्रॉलिक यंत्रणेची निगा

हौदा उचलणारे तेल ट्रॅक्टरमधून येते. अनेक ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक आणि गिअरबॉक्स यांचे तेल एकच असते. म्हणून ट्रॉलीच्या पाईपमधून होणारी गळती केवळ हौद्यापुरती मर्यादित राहत नाही. तेल कमी होत गेले तर ट्रॅक्टरच्या गिअरनाही वंगण कमी पडते. तेलाची पातळी हौदा पूर्ण खाली असताना पाहावी. हौदा वर असताना बरेच तेल जॅकमध्ये असते व पातळी कमी दिसते. अशा वेळी तेल भरल्यास ते जास्त होते.

एकच ट्रॉली दोन-तीन ट्रॅक्टरांना जोडण्याची पद्धत खेडोपाडी आहे. त्यात एका ट्रॅक्टरचे तेल जॅकमध्ये राहून दुसऱ्यात जाते. दोन्ही ट्रॅक्टरांत वेगळ्या प्रकारचे तेल असेल तर मिश्रण होते, आणि एकात पाणी किंवा घाण असेल तर ती दुसऱ्यात शिरते. तेव्हा शेजाऱ्याची ट्रॉली आणताना तिच्या पाईपमधून येणारे तेल स्वच्छ आहे ना, हे पाहावे. दुधाळ दिसणाऱ्या तेलात पाणी असते. जोडणीचे कपलर दोन्ही बाजूंनी पुसूनच जोडावे आणि सोडल्यावर त्यावर टोपण लावावे. टोपण नसल्यास स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. पाईप जमिनीवर लोळू देऊ नये.

जॅकचा चकचकीत दांडा हा नाजूक भाग आहे. त्यावर ग्रीस लावल्यास धूळ चिकटते. दांडा आत जाताना ती धूळ सीलला घासते, सील फाटते आणि तेल गळू लागते. दांड्यावरील चिखल मऊ फडक्याने पुसावा. विळा, पटाशी किंवा तारेच्या ब्रशने खरवडू नये. काम नसताना हौदा खाली ठेवावा, म्हणजे दांडा आत सुरक्षित राहतो.

गळती शोधताना पाईपवरून हात फिरवू नये. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये साधारणपणे १५० ते २०० बार इतका दाब असतो. गाडीच्या टायरमधील हवेपेक्षा हा दाब कितीतरी पट अधिक आहे. सुईएवढ्या छिद्रातून निघालेली धार कातडी भेदून आत जाते. सुरुवातीला जखम किरकोळ दिसते, पण वेळीच शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमावावा लागू शकतो. गळती पाहण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा. असा अपघात झाल्यास घरगुती उपाय न करता ताबडतोब रुग्णालयात जावे व तेल आत गेल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

वंगण कोठे घालू नये?

• जॅकच्या दांड्यावर.
• ब्रेकच्या लायनिंगवर व ड्रमच्या आतील बाजूस. थोडेसे ग्रीसही ब्रेक निकामी करते.
• टायर, होज पाईप व इतर रबरी भागांवर. तेलाने रबर फुगते व त्याला भेगा पडतात.
• चाकाच्या नट-बोल्टच्या आट्यांवर. तेलकट आट्यांवर नट गरजेपेक्षा जास्त आवळला जाऊन बोल्ट ताणला जातो. चाकाचे नट समोरासमोर, आळीपाळीने आवळावेत आणि नवीन बसविलेल्या चाकाचे नट सुमारे ५० किलोमीटरनंतर पुन्हा पाहावेत.

देखभालीचे वेळापत्रक

रोज, काम सुरू करण्यापूर्वी : हूक, कडी व कुलूपपिन, टायरमधील हवा, चाकाचे नट, पाईपची गळती व फाळक्याच्या खिट्ट्या पाहाव्यात.

दर आठवड्यास, हंगामात : बिजागऱ्या, जॅकच्या पिना, शॅकल व टर्नटेबल असल्यास त्याला ग्रीस द्यावे. चिखलात किंवा पाण्यातून काम झाले असेल तर त्याच दिवशी द्यावे, म्हणजे आत शिरलेले पाणी ग्रीसबरोबर बाहेर पडते.

दर महिन्यास : यू-बोल्ट व सर्व नट-बोल्ट आवळावेत, चाके उचलून ढिलेपणा पाहावा, हायड्रॉलिक ऑईलची पातळी तपासावी.

वर्षातून एकदा, हंगामापूर्वी : हब उघडून बेअरिंगे धुवावीत, नवे ग्रीस व नवे सील घालावे, सर्व पिना काढून झीज मोजावी, पाईपला भेगा असल्यास बदलावा. ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्यांचे हे काम दसऱ्यापूर्वी उरकावे. हंगाम सुरू झाल्यावर मेकॅनिकही मिळत नाही आणि सुटे भागही वेळेवर मिळत नाहीत.

भागानुसार काही विशेष काळजी घ्यावी. कोकणात खाऱ्या व दमट हवेमुळे पिना लवकर गंजतात, तेथे पावसाळ्यात ग्रीस अधिक वेळा द्यावे. कोरडवाहू भागात बारीक धूळ हा मोठा शत्रू आहे, तेथे ग्रीस देण्यापूर्वीची स्वच्छता महत्त्वाची. रासायनिक खते हवेतील ओलावा शोषून लोखंडाला गंज चढवितात, म्हणून खत वाहिल्यावर हौदा त्याच दिवशी धुवावा. धुताना पाण्याची जोरदार धार हबच्या सीलवर किंवा पिनच्या कडेवर थेट मारू नये. धुऊन वाळल्यावर ग्रीस द्यावे.

हंगाम संपल्यावर ट्रॉली धुऊन, गंजलेल्या जागा घासून रंग द्यावा. सर्व निपलमधून ग्रीस भरावे. शक्य असल्यास अ‍ॅक्सलखाली ठोकळे देऊन चाकांवरील वजन कमी करावे आणि टायर उन्हापासून झाकावेत. महिन्यातून एकदा चाके हाताने फिरवावीत, म्हणजे ग्रीस एका जागी बसून राहत नाही.

यासाठी लागणारे सामान फारसे नाही. एक ग्रीस गन, लिथियम ग्रीसचा डबा, तारेचा ब्रश, फडकी, काही जादा निपल व स्प्लिट पिना आणि लोखंडी टेकू एवढे घरात असावे. ग्रीसचा डबा झाकण घट्ट लावून ठेवावा. उघड्या डब्यात उडालेली धूळ शेवटी बेअरिंगमध्येच जाते. ग्रीस दिल्याची तारीख हौद्याच्या आतील बाजूस खडूने लिहून ठेवण्याची सवय लावल्यास ट्रॉली कोणीही चालविली तरी विसर पडत नाही.

बंधूंनो, येत्या आठवड्यात एक दिवस सकाळी ट्रॉली रिकामी करून अंगणात उभी करा. फाळके घट्ट करा, एकदा चालवून पाहा आणि शांतपणे ऐका. जो आवाज येईल त्याचे ठिकाण शोधा. बिजागरी करकरत असेल तर ग्रीस द्या. हब घरघरत असेल तर मात्र पुढची खेप भरण्यापूर्वी तो उघडाच.